नवी फाइल जोडली की नकाशाचे रंग का बिघडतात? वॉर्डनिहाय नकाशाचं दर महिन्याचं दुखणं

तक्रार साधारण अशी असते. मुंबईचा वॉर्डनिहाय नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे. विषय कचऱ्याच्या तक्रारींचा असेल, पाणी तुंबण्याच्या जागांचा असेल, नाहीतर डेंग्यूच्या रुग्णांचा. आकडा जसा, तसा वॉर्डला फिका किंवा गडद रंग. गेल्या महिन्यात सगळं ठीक होतं. या महिन्याची फाइल जोडली आणि सगळी मुंबई एकाच रंगाची झाली. किंवा दोन-तीन वॉर्ड नकाशावरून नाहीसेच झाले. किंवा लेजंड, म्हणजे रंगांची सूची, जागच्या जागी आहे आणि नकाशा कोरा.

यावर बहुतेक जण सिम्बॉलॉजी (रंग ठरवायची खिडकी) उघडून रंगपट्टी बदलतात. मग आकड्यांचे गट पाडणारं क्लासिफाय दाबतात. मग लेयर, म्हणजे नकाशाचा थर, काढून पुन्हा टाकतात. कधीकधी जमतंही, आणि ते जास्त वाईट, कारण का जमलं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. रंग देणं ही शेवटची पायरी असते. घोळ त्याआधी, टेबलात झालेला असतो. तेव्हा सिम्बॉलॉजी मिटवा, ॲट्रिब्यूट टेबल (नकाशामागचा आकड्यांचा तक्ता) उघडा आणि पुढच्या क्रमाने बघत जा. क्रम मोडू नका, कारण आधीची गोष्ट बिघडलेली असेल तर पुढची तपासून हाती काही लागत नाही.

फील्डचं नाव तेच आहे का?

दर महिन्याला परत येणाऱ्या दुखण्याचं हे पहिलं कारण, आणि सुटायला सगळ्यात सोपं. स्टाइलमध्ये, म्हणजे रंग देण्याच्या नियमांत, फील्डचं (टेबलातल्या स्तंभाचं) नाव अक्षरशः साठवलेलं असतं. तुम्ही 'तक्रारी_जानेवारी' नावाचं टेबल जॉइन केलंत, म्हणजे नकाशाच्या टेबलाला जोडलंत, तर जोडलेल्या फील्डच्या नावाआधी टेबलाचं नाव आपोआप लागतं. फेब्रुवारीत टेबल बदललं की फील्डचं नाव बदललं. स्टाइल अजून जानेवारीचं फील्ड शोधते आहे, ते आता नाही, म्हणून एकही वॉर्ड कुठल्याच गटात बसत नाही. लेजंड जागेवर आणि नकाशा कोरा हे याचंच लक्षण.

उपाय असा : जॉइन करताना स्वतःचा प्रीफिक्स देण्याची सोय आहे, तिथे कायमचा एकच शब्द टाका, नाहीतर तो रिकामा ठेवा. टेबलाला महिन्याचं नाव देऊ नका. महिना फाइलच्या आत एका स्तंभात राहू दे. मात्र एका वॉर्डाच्या अनेक महिन्यांच्या ओळी एकाच टेबलात असतील, तर साधा जॉइन त्यातली एकच ओळ उचलतो आणि बाकीच्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. तिथे आधी महिन्याचा फिल्टर लावा किंवा बेरीज करून घ्या.

याच्याच शेजारचा एक प्रकार. एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे क्यूजीआयएसच्या सूत्रात, फील्डचं नाव दुहेरी अवतरणात लिहायचं आणि मजकूर एकेरीत. फील्डचं नाव एकेरीत गेलं, तर क्यूजीआयएस तो निव्वळ शब्द समजतं. प्रत्येक वॉर्डाला तोच शब्द मिळतो, म्हणून सगळ्यांना एकच रंग. कुठलीही चूक दाखवली जात नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती चूक नसतेच.

शेपफाइल हा नकाशाचा जुना फाइल-प्रकार वापरणाऱ्यांसाठी आणखी एक काटा आहे. तिच्या टेबलात फील्डच्या नावाला दहाच बाइट मिळतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे मराठी नावाची जेमतेम तीन चिन्हं उरतात. 'लोकसंख्या' आणि 'लोकवस्ती' ही दोन फील्डं असली की गोंधळ ठरलेला. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार वापरा. शेपफाइलचा हट्ट धरण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही.

आकडा खरंच आकडा आहे का?

लेयर प्रॉपर्टीजमध्ये फील्ड्सच्या पानावर प्रत्येक फील्डचा प्रकार दिसतो. तुमचा आकड्यांचा स्तंभ तिथे मजकूर म्हणून बसला असेल, तर ग्रॅज्युएटेड, म्हणजे आकड्यांच्या गटांनुसार रंग देण्याच्या प्रकाराच्या, यादीत तो दिसणारच नाही. मग माणूस नाइलाजाने कॅटेगराइज्डकडे (प्रत्येक किमतीला वेगळा रंग) वळतो आणि १, १०, १००, १०१, २ असा क्रम लागलेला बघून चक्रावतो. मजकूर अक्षरांच्या क्रमाने लागतो, त्यात नवल काही नाही.

स्तंभ मजकूर का होतो? आपल्याकडच्या कार्यालयीन तक्त्यांमध्ये याचं उत्तर बहुधा एका शब्दात असतं : निरंक. तेवीस वॉर्डांचे आकडे व्यवस्थित, आणि चोविसाव्यात आकड्याच्या जागी 'निरंक'. त्या एका खणापायी अख्खा स्तंभ मजकूर ठरतो. ज्या महिन्यात सगळीकडे काही ना काही तक्रारी असतात त्या महिन्यात नकाशा चालतो, आणि एखादा वॉर्ड निरंक आला की बिघडतो. बिघाड अधूनमधून येतो तो यामुळे, आणि म्हणूनच पकडायला कठीण जातो.

दुसरा नेहमीचा आरोपी स्वल्पविराम. २०११ च्या जनगणनेतली मुंबईची लोकसंख्या, शहर आणि उपनगर असे दोन्ही जिल्हे मिळून, १,२४,४२,३७३. वाचायला असं लिहिलेलं बरं, पण सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे करणाऱ्या मजकूर फाइलमध्ये, हे स्वल्पविराम आले तर तो आकडा राहत नाही. आकडे मराठी अंकांत टंकलेले असतील तर तिथेही तेच. तक्त्याच्या डोक्यावर दोन ओळींचं शीर्षक आणि 'अ.क्र.'चा जोडलेला खण असेल, तर फील्डांना नावंही मिळत नाहीत, नुसतं फील्ड-१, फील्ड-२ येतं. तळाची 'एकूण' ही ओळसुद्धा काढून टाका. जॉइनमध्ये ती कुठल्याच वॉर्डाला चिकटत नाही, पण टेबलावरून कमाल आकडा काढणारं एक्स्प्रेशन लिहिलंत, तर ते नेमकं 'एकूण'लाच कमाल मानतं.

तात्पुरता इलाज एक्स्प्रेशनमध्ये करता येतो : रिप्लेसने स्वल्पविराम काढा, मग टू-रिअलने आकडा करा, आणि त्यावर ट्राय गुंडाळा म्हणजे एखादा खण फसला तरी बाकीचे अडत नाहीत. निरंकला मात्र स्वतंत्र अट ('केस') लिहून शून्य द्या. 'अप्राप्त' असेल तिथे नल, म्हणजे रिकामा खण. या दोहोंची गल्लत करू नका. निरंक म्हणजे आकडा आला आणि तो शून्य आहे. अप्राप्त म्हणजे आकडाच आलेला नाही. एकाला सगळ्यात फिका रंग हवा, दुसऱ्याला राखाडी रेघा.

कायमचा इलाज सीएसव्हीसाठी आहे. त्याच नावाची, पण सीएसव्हीटी अशा शेपटाची एक छोटी मजकूर फाइल शेजारी ठेवायची. तिच्यात एकाच ओळीत प्रत्येक स्तंभाचा प्रकार लिहायचा. मग दर महिन्याला क्यूजीआयएसला अंदाज बांधावा लागत नाही.

जॉइन बसला का?

इथे जरा थांबावं लागेल, कारण मुंबईच्या वॉर्डांइतकी वेगवेगळी लिहिली जाणारी नावं मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. नकाशाच्या फाइलमध्ये 'एफ/एन', तक्त्यात 'एफ उत्तर', तिसऱ्या कोणाच्या फाइलमध्ये 'एफ-एन' आणि चौथ्याकडे 'माटुंगा'. जॉइनला अक्षरशः तोच मजकूर लागतो. एक रिकामी जागा जास्त असली तरी वॉर्ड गळतो. 'एफ/एन ' आणि 'एफ/एन' यांत डोळ्याला फरक दिसत नाही. लेंग्थ फंक्शन लावून लांबी बघा, लगेच दिसेल. साधी जागा ट्रिमने जाते. वेबपानावरून चिकटवलेली न तुटणारी जागा ट्रिमने गेली नाही, तर ती रिप्लेसने वेगळी काढावी लागते.

वॉर्डाऐवजी वस्तीच्या नावावर जॉइन करत असाल, तर मराठीतल्या खाचा बघाच. परळ आणि परेल, शीव आणि सायन, वांद्रे आणि बांद्रा हे निदान दिसतात तरी. न दिसणारं उदाहरण ॲन्टॉप हिलचं. पहिलं अक्षर दोन प्रकारे टंकता येतं : एकसंध 'ॲ', किंवा 'अ' टंकून त्यावर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरं आहेत, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी ती एक होत नाहीत. त्यात कोणी 'अँटॉप' लिहितं ते निराळंच. शंका आली तर एक्स्प्रेशनमध्ये आस्की फंक्शन लावा. नावात आस्की असलं तरी ते पहिल्या अक्षराचा युनिकोड क्रमांक देतं. एकसंध अक्षर असेल तर २४१८ येईल, सुटा 'अ' असेल तर २३०९. अर्ध्या 'र'चंही असंच आहे : 'ऱ्या' लिहिताना कोणी नुक्त्याचा ऱ वापरतं, कोणी साध्या र-हलन्तापुढे अदृश्य जोडचिन्ह टाकतं.

म्हणून सांगणं एवढंच की नावावर जॉइन करू नका, कोडवर करा. आणि कोडमध्ये शून्य असतील तर एक्सेलवर नजर ठेवा. '०१' चं '१' करून ठेवणं ही त्याची जुनी खोड आहे.

किती वॉर्ड गळले ते मोजायला जोडलेल्या फील्डवर 'इज नल'चा फिल्टर लावा. जेवढ्या ओळी येतील तेवढे वॉर्ड जोडले गेलेले नाहीत. उलट बाजूनेही बघा, म्हणजे टेबलातली कुठली ओळ नकाशाला लागली नाही. आजकाल हे दुसरं जास्त कामाचं ठरतं. महापालिकेचे प्रशासकीय विभाग, म्हणजे हेच वॉर्ड, वर्षानुवर्षं २४ होते आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक फाइलींमध्ये २४ च बहुभुज (वॉर्डांच्या आकृत्या) आहेत. पण मालाडच्या पी उत्तरमधून पी पूर्व हा विभाग वेगळा निघाला. नव्या तक्त्यात पी पूर्वची ओळ असते, तिला जुन्या नकाशात जागा नसते, म्हणून ती गुपचूप गळते. आणि पी उत्तरचा आकडा एकदम खाली आलेला दिसतो, कारण त्याचा एक तुकडा दुसऱ्या ओळीत गेलेला आहे. नकाशा बघणारा म्हणतो, वा, मालाडमध्ये सुधारणा झाली.

याहून फसवा प्रकार निवडणूक प्रभागांचा. २०१२ मध्येही २२७ प्रभाग, २०१७ मध्येही २२७. पण मधल्या काळात हद्दी नव्याने आखल्या गेल्या. तेव्हा २०१२ चा तक्ता २०१७ च्या नकाशाला जोडलात, तर जॉइन शंभर टक्के बसतो, एकही नल येत नाही, सगळे रंग उठून दिसतात, आणि नकाशा खोटा असतो. याला सॉफ्टवेअरमध्ये तपासणी नाही. नकाशाची फाइल कुठल्या वर्षाच्या हद्दींची आहे हे तिच्या नावातच लिहून ठेवा.

नल कुठे जातात?

ग्रॅज्युएटेडमध्ये ज्या वॉर्डाची किंमत नल आहे तो काढलाच जात नाही. रूल-बेस्डमध्येही 'संख्या ५० पेक्षा कमी' आणि 'संख्या ५० किंवा जास्त' असे दोन नियम लिहिले की सगळे वॉर्ड आले असं वाटतं, पण नलशी केलेली कुठलीही तुलना नलच देते आणि तो वॉर्ड दोन्ही नियमांतून निसटतो. शेवटी उरलेल्यांसाठी 'एल्स'चा एक नियम ठेवा. ग्रॅज्युएटेड वापरायचंच असेल, तर त्याच लेयरची एक प्रत खाली ठेवून तिला सरसकट राखाडी रेघांची स्टाइल द्या. वरच्या लेयरमध्ये जो वॉर्ड नसेल तिथे त्या रेघा दिसतील. बऱ्याच जणांना कोअलेस लावून नलचं शून्य करायचा मोह होतो. वर निरंक आणि अप्राप्तबद्दल लिहिलं आहे, तेच इथेही लागू.

गट जुने राहिलेत का?

फील्ड बरोबर, आकडे बरोबर, जॉइन बरोबर, तरी काही वॉर्ड गायब? मग गटांच्या सीमा बघा. क्लासिफाय दाबलं त्या क्षणीच्या आकड्यांवरून सीमा ठरतात आणि तिथेच थांबतात. जूनच्या आकड्यांवर कमाल ३०० ठरली असेल आणि जुलैमध्ये एखाद्या वॉर्डाचा आकडा ४१० आला, तर तो शेवटच्या गटाच्या बाहेर पडतो, म्हणजे नकाशावर सर्वांत जास्त तक्रारींचा वॉर्डच कोरा. पावसाळ्यात हे हमखास होतं. हाताने सीमा लिहिताना ०-१०, ११-२० असं लिहिलंत आणि आकडे दशांशात असले, तर १०.५ ला घर नाही.

दर महिन्याला क्लासिफाय दाबावं का? नाही. तसं केलं तर जूनचा गडद लाल आणि जुलैचा गडद लाल यांचा अर्थ निराळा होतो आणि दोन नकाशे शेजारी ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. सीमा एकदा विचार करून ठरवा, शेवटचा गट वरच्या बाजूला भरपूर मोठा ठेवा, आणि स्टाइल क्यूएमएल फाइलमध्ये जपून ठेवा.

सीमा ठरवायच्या कशा, याला पावसाचं उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४ च्या आसपास. अशा दिवसाच्या आकड्यांना ईक्वल इंटर्व्हल (सारख्या रुंदीचे गट) लावून पाच गट केले, तर पहिला गट जवळपास अडीचशे मिलिमीटरपर्यंत जातो. कुलाबा सगळ्यात फिका येतो, जणू तिथे शिंतोडे पडले. ईक्वल काउंट लावलं तर प्रत्येक गटात सारखीच केंद्रं येतात, त्यामुळे कोरड्या दिवशीसुद्धा कुठलं तरी केंद्र गडद दिसतं. जेंक्स आकड्यांमधल्या नैसर्गिक खिंडी शोधतो, एका नकाशाला छान, पण उद्याच्या आकड्यांत खिंडी दुसरीकडे असतात. अशा ठिकाणी ज्या सीमांना त्या विषयातच अर्थ आहे त्याच घ्याव्यात. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांतल्या ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस धरतो. या सीमांनी कुलाबाही त्या दिवशी 'जोरदार'मध्ये येतो, आणि तेच खरं आहे.

रंग आले, पण नकाशा दर वेळी सारखाच दिसतो

याला बिघाड म्हणावं की नाही यावर वाद होईल. माझ्या मते म्हणावं. २०११ च्या जनगणनेत बी विभागात सुमारे १.२७ लाख लोक होते आणि पी उत्तरमध्ये सुमारे ९.४ लाख. तुम्ही एकूण आकड्यावर रंग दिलात, तर विषय कुठलाही असो, मालाड गडद येणार आणि बी विभाग फिका. तो तक्रारींचा नकाशा नसतो, लोकसंख्येचाच असतो. ग्रॅज्युएटेडच्या खणात फील्डऐवजी भागाकाराचं एक्स्प्रेशन लिहा : तक्रारी भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. दोन्ही फील्डं पूर्णांक असली तरी क्यूजीआयएस दशांशात उत्तर देतं. तोच हिशेब डेटाबेसमध्ये करणार असाल तर तिथे पूर्णांक भागिले पूर्णांक शून्यावर येऊ शकतं, तेव्हा आधी दशांशात बदला.

भागायचं कशाने, हा प्रश्न मुंबईत सोपा नाही. ए विभागात राहणारे कमी आणि दिवसा फोर्ट-चर्चगेटला येणारे अफाट. रहिवाशांच्या संख्येने भागलं, तर तिथला दर उगाच फुगतो. क्षेत्रफळाने भागलं तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आडवं येतं. बोरिवलीचा आर मध्य, भांडुपचा एस, मुलुंडचा टी या विभागांच्या हद्दीत जंगलाचा मोठा भाग येतो, एस आणि टीमध्ये मिठागरंही आहेत. त्यामुळे तिथली लोकवस्ती विरळ दिसते. प्रत्यक्ष मुलुंड स्टेशनबाहेर उभं राहून कोणी असं म्हणणार नाही. जमलं तर जंगल, तलाव आणि मिठागरांचं क्षेत्र आधी कापून टाका.

क्षेत्रफळाचं फंक्शन कुठलं वापरता तेही बघा. डॉलर-एरिया प्रोजेक्टच्या सेटिंगप्रमाणे पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरतं. नुसतं एरिया लेयरच्या स्वतःच्या एककात मोजतं, आणि लेयर अक्षांश-रेखांशात असेल तर उत्तर चौरस अंशांत येतं. मग घनता कोट्यवधींत जाते. मुंबईसाठी लेयर यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये, आणून ठेवलेली बरी.

वर्तुळं मोठी-लहान करत असाल तर थोडक्यात : आकडा चौपट झाला की वर्तुळाचा व्यास दुप्पट व्हायला हवा, चौपट नव्हे. साइझ असिस्टंटमध्ये रेडियसऐवजी सरफेस किंवा फ्लॅनरी निवडा. आणि आकार मिलिमीटरमध्ये द्यायचा की नकाशाच्या एककात हे ठरवून घ्या, नाहीतर झूम करताना वर्तुळं एकदा सगळं झाकतात आणि एकदा दिसेनाशी होतात.

वेबवर टाकल्यावर

क्यूजीआयएसमध्ये नीट आणि ब्राउझरमध्ये बिघडलेलं, असं असेल तर रंगावरूनच निदान होतं. लीफलेट या वेब-नकाशांच्या लायब्ररीत सगळे वॉर्ड त्याच्या ठरलेल्या निळ्या रंगात आले, म्हणजे तुमच्या स्टाइल फंक्शनने काहीच परत दिलेलं नाही. बहुतेक वेळा प्रॉपर्टीच्या, म्हणजे फील्डच्या, नावात लहान-मोठ्या अक्षराचा फरक असतो. तसंच ते फंक्शन लेयर तयार होताना चालतं. नंतर आकडे बदललेत तर सेट-स्टाइल पुन्हा बोलवावं लागतं.

मॅपलिबर या दुसऱ्या लायब्ररीत वॉर्ड काळेकुट्ट आले, तर एक्स्प्रेशन फसलेलं आहे. भरण्याच्या रंगाची त्याची मूळ किंमत काळीच आहे. गटांनुसार रंग देणाऱ्या 'स्टेप'ला आकडा हवा असतो आणि जिओजेसन या वेब-नकाशाच्या फाइलमध्ये तो अवतरणात, म्हणजे मजकूर म्हणून, गेलेला असतो. यावर मजकुराचा आकडा करणारं टू-नंबर लावा असं सगळीकडे सांगितलेलं दिसेल, आणि काळे वॉर्ड खरंच जातात. पण टू-नंबर नलचंही शून्य करतं. ज्या वॉर्डाचा आकडा आलेलाच नाही तो सगळ्यात फिक्या, सगळ्यात चांगल्या रंगात दिसू लागतो. म्हणून टू-नंबरच्या आत आधी कोअलेस लावा, नलच्या जागी उणे एक द्या, आणि स्टेपमध्ये शून्याच्या खालच्या सगळ्याला राखाडी रंग द्या.